दोन कॅसेट, एक टेपरेकॉर्डर

आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी लता मंगेशकरांच्या दोन कॅसेट होत्या. ‘ज्ञानेश्वर माऊली’ला संगीत हृदयनाथांचं, ‘अभंग तुकयाचे’ला श्रीनिवास खळ्यांचं. पहिली माझी लाडकी, दुसरी ताईची. टेपरेकॉर्डर मात्र एकच! आजी ओरडायची, “गप बसा की! आपल्या गावची पोर गातीया, दोन्ही ऐका.” (लताबाई कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या कंपनीत होत्या, १९४५ साली मुंबईला गेल्या. आजी काही हक्क सोडत नव्हती.)

हृदयनाथांची चाल चकवते. सूर खाली येईल म्हणावं, तर भलतीकडेच वळतो. खळ्यांची साधी वाटते. गुणगुणून बघा, दम निघतो. पण मी म्हणायचो, “हॅ, रडकी गाणी!”

ताई लग्न होऊन बेळगावला गेली. पहिल्या दिवाळीला तिला आणायला मी निघणार होतो. आदल्या रात्री तिची कॅसेट लावली. ‘भेटीलागी जीवा’त तुकोबा विठ्ठलाची वाट बघतात, ती कशी? दिवाळीला माहेरचं माणूस येईल म्हणून आस लावून बसलेल्या लेकीसारखी. शंभरदा ऐकलेलं, पण कानात शिरलं तेव्हाच.

सकाळी दोन्ही कॅसेट पिशवीत टाकून एसटी पकडली. ताईनं पिशवी उघडली नि आधी माझीच कॅसेट लावली.