पाहिलं ते आणि ठरवलं ते

रानातल्या पक्ष्यांच्या विणीचा आणि प्रसाराचा अभ्यास म्हणजे पक्षी झटकन ओळखण्याचं कसब, असं बहुतेकांना वाटतं. ओळख हवीच, पण तिथे काम नुसतं सुरू होतं. खरी कसोटी वहीत लागते. डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं आणि त्यावरून आपण ठरवलेलं वेगळं ठेवता आलं, तरच नोंद पुढे कुणाच्या कामाला येते. हिवाळ्यात ज्वारीच्या शेतांवर भोरड्यांचे थवेच्या थवे उतरतात. पण त्यांची वीण होते ती दूर मध्य आशियाच्या बाजूला. पक्षी दिसणं आणि तिथे त्याची वीण होणं, या दोहोंमधलं अंतर पुराव्यानं भरायचं असतं. म्हणून विणीच्या नोंदी शक्य, संभाव्य आणि निश्चित अशा पायऱ्यांनी लिहितात. हंगामात योग्य जागी नर गाताना दिसला तर वीण शक्य. जोडी जमलेली दिसली तर संभाव्य. आणि दयाळ चोचीत अळी धरून पुन्हा पुन्हा त्याच ढोलीत शिरत असेल, बाहेर येताना पिल्लांच्या विष्ठेची पांढरी पिशवी उचलून नेत असेल, तर निश्चित.

घरटं दिसलं की प्रश्न मिटला, हाही भ्रमच. विहिरीवर ओणवलेल्या बाभळीला लोंबणारी सुगरणीची घरटी मोजून जोड्यांचा आकडा काढणारे पुष्कळ भेटतात. सालिम अली यांनी किहीमला केलेला सुगरणीचा अभ्यास १९३१ साली प्रसिद्ध झाला, तेव्हाच या हिशेबातली खोट उघड झाली होती. नर घरटं शिरस्त्राणाच्या आकारापर्यंत विणून थांबतो. मग माद्या येतात, आत शिरून पारख करतात. एखादीला ते पसंत पडलं तरच तो पुढचं विणकाम करून खालची नळी उतरवतो. आणि ती अंड्यांवर बसली की हा दुसऱ्या घरट्याच्या उद्योगाला लागतो. म्हणजे एका नराची घरटी अनेक, त्यातली काही नापसंत होऊन अर्धवट राहिलेली, आणि जी वसली त्यांत माद्या वेगवेगळ्या. ‘घरटी अमुक, म्हणून जोड्या तमुक’ असं लिहिणाऱ्याची वही पुढे कुणालाच दुरुस्त करता येत नाही. ‘इतकी अर्धवट, इतकी नळीसकट, इतक्यांत मादीची ये-जा’ असं लिहिलं असेल, तर निष्कर्ष चुकला तरी नोंद शाबूत राहते. चारा भरवताना पाहूनही सावध राहावं लागतं. सातभाई ज्या पिल्लाला भरवत आहेत ते चातकाचं असू शकतं. तेव्हा पिल्लू कसं दिसत होतं, हेही लिहायला हवं.

प्रसाराच्या नकाशात हीच गफलत फार महाग पडते. रानपिंगळा हे त्याचं ठळक उदाहरण. १८७३ साली पक्षीशास्त्रज्ञ ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे संग्रहालयांत त्याचे मोजकेच नमुने उरले आणि एकोणिसाव्या शतकानंतरचा म्हणता येईल असा एकच: पक्षीसंग्राहक माइनर्ट्‌झहागन यांनी १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला मिळवल्याचं सांगितलेला. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला, तेव्हा तो संग्रहालयातून उचलून पुन्हा भरलेला निघाला. मुळात तो १८८० च्या दशकात डेव्हिडसन या संग्राहकानं खानदेशात मिळवलेला होता; चिठ्ठी तेवढी नवी. ती खोटी नोंद बाजूला सारून खऱ्या जुन्या नमुन्यांच्या जागांवर शोध घेतला गेला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा दिवसाउजेडी झाडावर बसलेला सापडला. नेहमीच्या पिंगळ्याचं डोकं ठिपक्यांनी भरलेलं असतं, याचं जवळजवळ कोरं. शेपटीवरचे पट्टे रुंद आणि ठसठशीत. असा उजेडात वावरणारा पक्षी शतकाहून अधिक काळ ‘दिसला नाही’. त्याचा अर्थ ‘नव्हता’ असा कधीच नव्हता.

म्हणून माझ्या मते या विद्येत सर्वांत दुर्लक्षित नोंद म्हणजे रिकाम्या हातांनी परतलेल्या फेरीची. पुढे मेळघाटात, यावलला आणि २०१४ साली मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही रानपिंगळा आढळला. तानशात तो आधीपासून होता की नंतर आला? कुठे, किती वेळ, कोणत्या प्रहरी शोधलं आणि सापडला नाही, अशा जुन्या नोंदी असल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही. केरळातल्या पक्षीप्रेमींनी २०१५ ते २०२० या काळात राज्याचे चौकोन पाडले आणि ओल्या व कोरड्या अशा दोन्ही हंगामांत ठरलेल्या जागी ठरलेला वेळ पक्षी मोजले. तिथे कोऱ्या चौकोनालाही अर्थ आहे, कारण तो कुणीतरी चालून पाहिलेला आहे.

यावर कुणी म्हणेल, आता मोबाइलवरून लाखो याद्या जमतात. थोड्याफार चुका त्या पसाऱ्यात विरून जातील. सैरभैर चुका विरतात, एकाच बाजूला झुकलेल्या विरत नाहीत. याद्या रस्त्यालगतच्या, तळ्याकाठच्या आणि रविवारच्या असतील, तर त्या वाढल्यानं नकाशा रस्त्यांचाच अधिक रेखीव होतो. दुसरा आक्षेप वजनदार आहे: निश्चित पुराव्याच्या हट्टापायी घरटी उघडी पडतात, पक्षी अंडी सोडून जातात. हे खरं आहे, म्हणूनच पायऱ्या आहेत. फांदी वाकवून अंडी पाहण्यापेक्षा ‘संभाव्य’वर थांबणं हा कमीपणा नव्हे, दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याचा नेमका पत्ता चारचौघांत न सांगणं हाही शिस्तीचाच भाग. तिसरा आक्षेप घाईचा: इतकं काटेकोर होईपर्यंत जंगलच उरणार नाही. पण निर्णयाला निश्चितीची वाट पाहावी लागतेच असं नाही. ‘संभाव्य’ एवढ्या आधारावरही ढोल्यांची जुनी झाडं तोडण्यापासून वाचवता येतात, मात्र ते ‘संभाव्य’ म्हणूनच मांडलेलं हवं. फुगवलेला दावा एकदा उघडा पडला, की पुढच्या खऱ्या इशाऱ्यालाही कुणी दाद देत नाही.

माइनर्ट्‌झहागन यांची लबाडी पकडली गेली, कारण चिठ्ठी बदलली तरी नमुन्याच्या अंगावर डेव्हिडसन यांच्या हाताची पद्धत शिल्लक होती. आज आपण पक्षी मारून जपत नाही, फोटो नाहीतर आवाज काही वेळाच मिळतो. बहुतेकदा उरते ती वहीतली ओळच. ती अशी लिहावी, की उद्या कुणाला आपण चुकलो असं वाटलं, तर ते सिद्ध करण्याचं साधनही त्याला तिच्यातच सापडावं.