तीन तोफा, दोन पंख आणि वजनाचा हिशोब

तुमच्या घरात कुणी वहीच्या शेवटच्या पानावर रोबोट काढतं का? आमच्याकडे काढतात. तेही शेवटच्या पानावर नाही, गणिताच्या वहीच्या मधोमध!

आम्ही मूळचे कोल्हापूरचे. नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षांपूर्वी बंगळुरूला आलो आणि बनशंकरीत घर घेतलं. लेक तेव्हा पाचवीत होती. नवी शाळा, नवी भाषा. ती मागे पडू नये म्हणून मी एकेक क्लास लावत गेले. कन्नड, गणित, कीबोर्ड, रविवारी सकाळी पोहणं. हळूहळू ती घरात बोलेनाशी झाली. मला वाटलं, वयच तसं आहे.

मग एके दिवशी तिची गणिताची वही उघडली, तर पानंच्या पानं गंडमची! माहीत नसेल तर सांगते. गंडम म्हणजे जपानी कार्टून मालिकेतला प्रचंड लढाऊ रोबोट. माणूस आत बसून तो चालवतो. योशियुकी तोमिनो यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका १९७९ मध्ये सुरू झाली. त्यातल्या रोबोटांची रूपं कुनिओ ओकावारा यांनी काढली. कथेतल्या पहिल्या गंडमची उंची १८ मीटर, म्हणजे साधारण सहा मजले, आणि पूर्ण भारासह वजन ६० टन.

आमची लेक त्याचीच सुधारित आवृत्ती तयार करत होती. उंची दुप्पट, खांद्यांवर तीन तोफा, पाठीला दोन पंख. मी चिडले. वही हिसकावून घेतली आणि माळ्यावर टाकली. ती रडली नाही, भांडलीही नाही. नुसती खोलीत निघून गेली. त्या शांततेची मला जास्त भीती वाटली.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक अज्जा राहतात. अज्जा म्हणजे कन्नडमध्ये आजोबा. विमानाच्या कारखान्यातून ते निवृत्त झालेत. दोन दिवसांनी ते म्हैसूरपाकाचा डबा घेऊन आले आणि तोडक्यामोडक्या हिंदीत लेकीला म्हणाले, "काय गं, तुझ्या रोबोटचं कुठवर आलं?"

तेव्हा मला कळलं, ती त्यांना जिन्यात चित्रं दाखवायची. मला नाही.

मी गुपचूप स्टूल घेतलं आणि वही खाली काढली.

अज्जांनी चित्र नीट पाहिलं. "वजन किती?"

"उंची दुप्पट, मग वजन १२० टन," ती म्हणाली.

अज्जांनी म्हैसूरपाकाचे चौकोनी तुकडे ताटलीत रचले. खाली चार, त्यावर चार. "आता याची उंची, लांबी, रुंदी, सगळं एका तुकड्याच्या दुप्पट. तुकडे किती लागले?"

"आठ."

"म्हणजे तुझा रोबोट १२० नाही, ४८० टनांचा. आणि ताटलीला किती टेकलेत?"

"चार."

वजन आठपट, पण तळपाय फक्त चौपट. म्हणजे पायाखालच्या जमिनीवर दुप्पट दाब! "आपल्या खोदलेल्या रस्त्यावर उभा राहिला तर गुडघ्यापर्यंत रुतेल," अज्जा म्हणाले. कितीतरी दिवसांनी लेक खळखळून हसली.

मग त्यांनी तेजस विमानाचं सांगितलं. त्याची मार्क-१ए ही सुधारित आवृत्ती २८ मार्च २०२४ रोजी इथेच, बंगळुरूत पहिल्यांदा उडाली. बाहेरून पाहिलं तर बरीचशी आधीच्या विमानासारखीच. मोठा बदल आत, रडार आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये. "विमानात नवं काही बसवायचं म्हटलं की आधी दोन प्रश्न. याचं वजन किती? आणि याच्याऐवजी काय काढायचं?"

त्या दिवशी वहीत दोन रकाने आखले गेले. 'जोडलं' आणि 'काढलं'. उंची परत १८ मीटर झाली. तीन तोफांची एक झाली. पंख गेले, कारण गंडम अंतराळातही लढतो आणि तिथे हवाच नाही! एकेका गोष्टीवर तासतास चर्चा व्हायची.

एका संध्याकाळी मी विचारलं, "मग मालिकेत गंडमला कसं सुधारलं?"

ती सांगू लागली. गंडम चालवणारा अमुरो पंधरा वर्षांचा. सुरुवातीला चाचपडणारा. पुढे तो इतका चपळ झाला, की यंत्रच त्याच्या मागे पडायला लागलं. तेव्हा गंडमला नवी तोफ दिली नाही. सांध्यांवर चुंबकीय लेप दिला. घर्षण कमी झालं आणि हातपाय झरझर हलू लागले.

"आई, मुलगा आधीच तयार होता गं. मशीन त्याला अडवत होतं."

ती सहज बोलून गेली. मला मात्र रात्री झोप लागेना. उठून मीही कागदावर दोन रकाने आखले. 'जोडलं'खाली चार क्लास. 'काढलं' रिकामं, असं आधी वाटलं. मग आठवलं. संध्याकाळी खाली खेळणं, आजीशी फोनवरच्या गप्पा, जेवताना माझ्याशी बोलणं. ते मी काढलं नव्हतं. ते आपोआप गळून गेलं होतं.

सकाळी तिलाच विचारलं, "काय काढू या?" मला वाटलं, गणित म्हणेल. तिने कीबोर्ड आणि पोहणं काढलं. "गणित राहू दे. वजन काढायला लागतं."

आता वही डायनिंग टेबलावर असते. रविवारी सकाळी अज्जा येतात. गुडघ्याचा सांधा अजून जमलेला नाही, त्यावर दोघांचं जोरात भांडण चालू आहे. कन्नड, हिंदी आणि मराठी अशा तिन्ही भाषांत! नवं पान झालं की लेक आधी मला दाखवते.

तुमच्याही घरात वहीत दडलेला एखादा रोबोट असेल, तर रागावण्याआधी एकदा विचारून बघा, "याचं वजन किती?" पुढचं सगळं तेच सांगतील.