फोटो काढू का?

अमेरिकेत फिरायला आलेल्या आपल्या माणसांना ग्रँड कॅन्यननंतर हमखास मॉन्युमेंट व्हॅली बघायची असते. अॅरिझोना आणि यूटाच्या सीमेवरचे ते लाल सुळके सिनेमातून ओळखीचे झालेले. ही जमीन नावाहो लोकांची. ते स्वतःला 'दिने' म्हणवतात. तिथे माणसांचा फोटो काढण्याआधी विचारायचं आणि वर थोडे पैसे द्यायचे, असा रिवाज आहे. यावरूनच आमच्याकडे वाद झाला.

आतेभावाचं म्हणणं, "पैसे देऊन काढला की ते नाटक झालं. न सांगता टिपलेला फोटोच खरा." अगदीच उडवून लावण्यासारखा मुद्दा नाही हा. विचारलं की माणूस सावरून बसतो, चेहरा बदलतो. हे कॅमेरा धरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

पण 'खरा' म्हणजे काय हो? 1904 साली एडवर्ड कर्टिसने अंधाराकडे निघालेल्या नावाहो घोडेस्वारांचा पाठमोरा फोटो काढला आणि त्याला नाव दिलं 'नष्ट होत चाललेला वंश'. फोटो सुंदरच आहे. पण नष्ट बिष्ट कोणी झालं नाही. 2021 मध्ये नावाहो नेशनच्या नोंदणीकृत सदस्यांची संख्या 4 लाखांच्या आसपास पोचली! म्हणजे फोटोत दिसली ती कर्टिसच्या डोक्यातली गोष्ट.

दुसरं उदाहरण मॉन्युमेंट व्हॅलीतल्याच क्लाय कुटुंबाचं. त्यांचे फोटो वर्षानुवर्षं पोस्टकार्डांवर विकले गेले. 1950च्या दशकात त्यांच्यावर एक मूकपटही निघाला. तो त्यांच्या घरी पोचला 1997 साली. त्यातून 2000 साली 'द रिटर्न ऑफ नावाहो बॉय' हा माहितीपट झाला. त्या देखण्या पोस्टकार्डांच्या चौकटीबाहेर काय होतं? युरेनियमच्या खाणी, आजारपणं, आणि मिशनऱ्यांनी नेलेलं घरातलं एक तान्हं मूल. ते बाळ मोठं होऊन परत आलं, तेही या फिल्मची बातमी वाचून.

म्हणून मला ते पैसे मागणं खटकत नाही. इतकी वर्षं त्यांच्या चेहऱ्यावर इतरांनी कमावलं, आता चार डॉलर त्यांना मिळाले तर बिघडलं कुठे? विल विल्सन हा दिने छायाचित्रकार तर 2012 पासून आणखी पुढे गेलाय. जुन्या पद्धतीने धातूच्या पत्र्यावर फोटो काढतो, मूळ फोटो समोरच्या माणसालाच देऊन टाकतो आणि त्याच्या परवानगीने स्वतःकडे फक्त प्रत ठेवतो. त्या फोटोंतली माणसं सावरूनच बसलेली असतात. पण कसं दिसायचं हे त्यांनी ठरवलेलं असतं.

आतेभावाला हे सगळं सांगितलं. म्हणाला, "मग मी नुसते डोंगरच काढतो." काढ बाबा. तेही चालेल.

मावशी, तू येशील तेव्हा आधी विचार. "नाही" म्हणाले तर कॅमेरा खाली, आणि धार्मिक विधी चालू असेल तर विचारायचंही नाही. सुळके आहेतच की, हवे तितके.