शब्द तोडा, टेन्शन सोडा!

आईच्या गुडघ्याचा एमआरआय झाला आणि रिपोर्टमधल्या दोन शब्दांनी घराची झोप उडवली. कॉन्ड्रोमलेशिया पटेली. मामाने फोनवर स्पेलिंग विचारलं आणि मधला ‘ओमा’ नेमका पकडला. “अगं ताई, ओमा म्हणजे गाठ! लिम्फोमा नाही का?” आई देवघरासमोर जाऊन बसली. वार शुक्रवार, डॉक्टरांची अपॉइंटमेंट सोमवारची.

मामाचं ज्ञान तसं खोटं नव्हतं. कॉन्ड्रोमा नावाची कूर्चेची साधी गाठ असते. फक्त त्याने शब्द भलत्या जागी तोडला होता. कॉन्ड्रोमा-लेशिया नव्हे बॉस, कॉन्ड्रो-मलेशिया! ग्रीकमध्ये कॉन्ड्रोस म्हणजे कूर्चा, मलाकिया म्हणजे मऊपणा. पटेला ही लॅटिनमधली छोटी ताटली आणि पटेलीतला शेवटचा ‘ई’ म्हणजे आपला ‘चा-ची-चे’. थोडक्यात, वाटीमागची कूर्चा मऊ पडलीय. सोमवारी डॉक्टरांनीही तेच सांगितलं आणि क्वाड्रिसेप्सचे व्यायाम दिले. क्वाड्रिसेप्स, म्हणजे चार डोक्यांचा स्नायू.

“मग सरळ गुडघ्याची वाटी म्हणायला काय झालं होतं?” आईचा सवाल.

पॉइंट आहे. त्यांची ताटली, आपली वाटी! तेव्हापासून मला हे शब्द फोडायचा नादच लागलाय. जिममधला ट्रेनर ज्याला ऐटीत गॅस्ट्रॉक्निमियस म्हणतो, त्यात गॅस्टर म्हणजे पोट, क्नेमे म्हणजे गुडघ्याखालचा पाय. पायाचं पोट. अहो, पोटरीच की ही! मसल हा शब्द लॅटिनमधल्या छोट्या उंदरावरून आला. कातडीखाली हलणाऱ्या स्नायूत रोमनांना उंदीर दिसला, आपल्याला दंड फुगवल्यावर बेटकुळी दिसली, म्हणजे छोटी बेडकी.

उच्चाराचा फंडाही सोपा आहे. ग्रीक शब्दात ‘सीएच’ दिसला की ‘च’ नाही, ‘क’. कोलेस्टेरॉल आपण बरोबर म्हणतोच ना? सुरुवातीला ‘पीएन’ आलं तर पी गप्प बसतो, न्यूमोनियात बसतो तसा.

आणि दिवसभर ऑफिसच्या खुर्चीत बसून जे ठणकतं ते कॉक्सिक्स. ग्रीकांना त्या हाडात कुक्कू पक्ष्याची चोच दिसली. आपण म्हणतो माकडहाड. मला आपलंच नाव जास्त आवडतं. शेपूट कुठे असायची, ते तरी सरळ सांगतं.