आबा, ट्रंकेची किल्ली द्या

ती. आबांना,


फोनवर पेन्शनचा विषय काढला की तुम्ही "राहू दे आता" म्हणता आणि फोन आईकडे देता. म्हणून लिहायला बसले. आणि चारचौघांत लिहितेय, कारण आपल्यासारखी फौजेच्या कागदांची काळी ट्रंक सातारा भागातल्या कितीतरी घरांच्या माळ्यावर आहे.

माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून तुमच्या मेडिकल बोर्डाचे कागद मी मागवले. तुम्हाला न विचारता केलं, त्याबद्दल रागवा. 1995 साली तुम्हाला बोर्ड आऊट करताना, म्हणजे आजारपणावरून फौजेतून सोडताना, तुमच्या आकडीबद्दल बोर्डाने लिहिलंय: आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. कारण काय, तर एकच शब्द, 'कॉन्स्टिट्यूशनल'. म्हणजे दुखणं तुमच्या घडणीतलंच, उपजत. या एका शब्दावर तुमची अपंगत्व पेन्शन नाकारली गेली.

आबा, 1986 मध्ये भरतीच्या वेळी याच फौजेने तुमची छाती मोजली, डोळे-कान तपासले, पळवलं आणि 'फिट' लिहून घेतलं. पहिली आकडी आली ती बर्फातल्या पोस्टिंगवर, नोकरीच्या आठव्या वर्षी. मग उपजत काय होतं?

हाच प्रश्न सुप्रीम कोर्टाने विचारलाय. धरमवीर सिंग नावाचे सिग्नल्समधले जवान 1985 ला भरती झाले आणि 1994 ला बाहेर पडले. म्हणजे तुमच्याच आगेमागे, आणि दुखणंही हेच. जुलै 2013 मध्ये निकाल लागला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान निरोगी होता असंच धरायचं; आजार सेवेतला नाही असं म्हणायचं असेल तर बोर्डाने कारणं द्यायची; शंकेचा फायदा जवानाला. पुरावा तुम्ही आणायचा नाही, आबा. आणि हे कोर्टाने पदरचं सांगितलेलं नाही, ते 1982 च्या फौजेच्या पेन्शन नियमांतच होतं. तुम्ही बाहेर पडलात तेव्हा तेच नियम लागू होते. ते तुमच्यासाठी कुणी उघडले नाहीत, एवढंच.

तुम्ही म्हणाल, ज्या फौजेचं मीठ खाल्लं तिच्यावर दावा कसा लावू? हे तुमचं बोलणं मी हलकं मानत नाही. पण आधी रेकॉर्ड ऑफिसकडे अपील जाईल. तिथे नाहीच झालं, तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. 2007 चा त्याचा कायदा आहे आणि मुंबईत खंडपीठ आहे. तिथे न्यायमूर्तींच्या शेजारी फौजेतला निवृत्त वरिष्ठ अधिकारी बसतो. तुमची गोष्ट तुमच्याच माणसासमोर मांडली जाणार आहे.

मुदत टळली, हे खरं. नकाराचं पत्र इंग्रजीत आलं, सहा महिन्यांत अपील करायचं असतं हे तुम्हाला कुणी वाचून दाखवलं नाही. पण पेन्शन दर महिन्याला देय असते, म्हणून तो अन्यायही दर महिन्याला नव्याने होतो असं कोर्ट मानतं. थकबाकी मात्र साधारण मागच्या तीन वर्षांचीच मिळते. सगळ्या वर्षांची भरपाई होईल असं खोटं सांगणार नाही.

पैशांसाठीच मी मागे लागलेय असंही नाही. मी सातवीत असताना पारावर कुणीतरी म्हणालं, "ह्याला फौजेतनं काढून टाकलं." तुम्ही ऐकलंत, उठलात आणि घरी आलात. त्यानंतर पंधरा ऑगस्टला माजी सैनिक पुढच्या रांगेत बसतात, तेव्हा तुम्ही शाळेच्या भिंतीपाशी मागे उभे राहता. कागदावरचा तो शब्द बदलायला हवा, आबा. तो खोटा आहे.

आणखी एक. तुमच्या कागदांत आईचं नाव माहेरचंच आहे. उद्या तिला कुठल्याही खिडकीवर अडवतील. त्याचा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून करू, प्रतिज्ञापत्र मी तयार ठेवलंय.

रविवारी पहिल्या एसटीने येते. डिस्चार्ज बुक आणि ते जुनं इंग्रजी पत्र ट्रंकेत तळाला, तुमच्या ऑलिव्ह ग्रीन स्वेटरखाली आहे, आईने सांगितलंय. किल्ली काढून ठेवा. अपिलाच्या कागदावर खाली जागा सोडलीय. तिथे नंबर, हुद्दा आणि नाव तुमच्या हातानेच लिहा.

तुमची,
बेबी