साडेअडतीस

आईला रात्री कणकण आली. पाऱ्याचा जुना थर्मामीटर दिवाळीच्या साफसफाईत फुटलेला. नवा बॅटरीवरचा बगलेत धरला, तो ‘पी’ करून थांबला. ३८.५.

“किती गं?”

“साडेअडतीस.”

“हा काय चपलेचा नंबर आहे?”

तिचा ताप जन्मभर शंभर, एकशे एक, एकशे दोन असाच मोजला गेलेला. मला सूत्र आठवेना. दोन गोष्टी मात्र पक्क्या ठाऊक होत्या : बर्फ वितळतो तेव्हा सेल्सिअसचं शून्य आणि फॅरनहाइटचे ३२, पाणी उकळतं तेव्हा इकडे १००, तिकडे २१२. कॅलेंडरच्या पाठीवर दोन ठिपके दिले आणि फूटपट्टी नव्हती म्हणून वहीच्या कडेने जोडले. शंभर घरं आडवं गेलं की एकशे ऐंशी वर. म्हणजे एका घराला १.८. शाळेच्या पुस्तकात याला ‘चढ’ म्हणतात. तापाच्या घरात याहून नेमका शब्द सापडला नसता. शून्यापाशीच रेषा ३२ वर उभी, तेवढे वरून मिळवायचे. ३८.५ गुणिले १.८, ६९.३, अधिक ३२.

“एकशे एकच्या थोडा वर.”

“मग असं सांग ना,” म्हणत तिने गोळी घेतली.

सुतार फळीवर रंगवलेलं सूत दोन टोकांना ताणून धरतो, मधोमध उचलून सोडतो, आणि सरळ रेघ उमटते. मधला एकही बिंदू त्याने मोजलेला नसतो. ‘सूत्र’ हा शब्दही मूळचा दोराच. माझा बर्फ आणि माझं उकळतं पाणी ही दोन टोकं. आईचा ताप त्या सुतावर कुठेतरी आपोआप होता.

गंमत म्हणजे, १७४२ साली आंदेर्स सेल्सिअस या स्वीडिश खगोलशास्त्रज्ञाने उकळत्या पाण्याला शून्य दिलं होतं आणि बर्फाला शंभर. पुढे लोकांनी ते माप उलटं केलं. तसंच राहिलं असतं तर आईचा ताप साडेएकसष्ट भरला असता आणि चढताना आकडा उतरत गेला असता. तिने ते मुळीच चालवून घेतलं नसतं.

बाराला ३८.५ होता. एकला ३९. माझा हात कागदावर पुन्हा चालला : तासाला अर्धा, म्हणजे पाचला ४१. पोटात गोळा आला. दोन ठिपक्यांतून एकच सरळ रेषा जाते, यात खोट नाही. पण ताप सरळ रेषेतच चालेल, हे मला कोणी सांगितलं होतं? दोन मापांचं नातं रेषेचं असतं, कारण ती माणसांनी तशी आखली. अंगातल्या तापाने कुठलं वचन दिलेलं नाही. तरी मी तो कागद तासभर बघत बसले.

तीनला तिला घाम फुटला. ३७.९.

सकाळी मी चहा टाकत होते, तर आईने आपणच थर्मामीटर लावला.

“सदतीस,” ती म्हणाली. मग चष्मा वर करून, “हे बरं की वाईट?”