जुना सोप्रानो पारखताना

लग्नसराई संपली की जळगाव-धुळ्याचे बँडवाले वाद्यं दुरुस्तीला टाकतात. त्यांत सरळ नळीचा सोप्रानो सॅक्सोफोन क्वचितच. मालकाचा प्रश्न मात्र ठरलेला: "भाऊ, हाऊ इलायती शे ना?"

मुळात तो सॅक्सोफोन आहे का, हे आधी बघावं लागतं. 1920-30च्या सुमारास अमेरिकेत धातूचे क्लॅरोनेट भरपूर बनले. चांदीचा मुलामा दिलेला असा क्लॅरोनेट लांबून सोप्रानोच वाटतो. सोप्रानोची नळी तोंडापासून कर्ण्यापर्यंत रुंदावत जाते; क्लॅरोनेटची बरीचशी एकाच जाडीची. तरी शंका उरली तर वाजवा. खालचा सा लावून, बोटं तशीच ठेवून वरच्या सप्तकाची चावी दाबली की सॅक्सोफोन वरचा सा देतो. क्लॅरोनेट तो ओलांडून पंचमावर जातो.

कर्ण्यावरच्या नावाला फार भुलू नये. दुकानदाराचं नाव कोरून देण्याची पद्धत विलायतेतही होती आणि अमेरिकेतही. अमेरिकेतल्या एल्कहार्टच्या कॉन कंपनीने परक्या नावांनी पुष्कळ सॅक्सोफोन बनवले. तिच्या स्वतःच्या नावाच्या, 1920च्या दशकातल्या वाद्यांत स्वरछिद्रांच्या कडा बाहेर वळवलेल्या असतात. परनावाच्या वाद्यांत सहसा नसतात. चावी उघडून बोट फिरवलं की कळतं. 'चेकोस्लोव्हाकिया' असा शिक्का असेल, तर वाद्य 1918च्या आधीचं असूच शकत नाही. विकणारा पणजोबांची शपथ का घेईना! आणि मेरठच्या जाली कोठीचा माल निघाला म्हणून नाक मुरडू नका. तिथली नादिर अली कंपनी 1885 सालची, आणि ती बँडची वाद्यं बनवते.

माझ्या लेखी खरी परीक्षा सुराची. आज कॅसिओ आणि हार्मोनियम 440 कंपनांच्या 'ए'वर लावलेले असतात. जुन्या अमेरिकन 'हाय पिच' वाद्यांत तोच स्वर 457च्या आसपास, म्हणजे जवळजवळ दोन-तृतीयांश अर्धस्वर चढा. ब्रिटिश लष्करी बँडही 1920च्या दशकात बराच काळ चढ्या सुरात वाजत. माउथपीस बाहेर ओढून हे सुधारत नाही. सोप्रानोची नळी आखूड, त्यामुळे एक स्वर जुळवावा तर दुसरा बिघडतो. म्हणून मागच्या बाजूला क्रमांकाजवळ 'एल' किंवा 'लो पिच' शोधा. खानदेशात आणखी एक पथ्य: मे महिन्याच्या दुपारी पारख करू नका. हवा तापली की चांगलं वाद्यही चढं बोलतं. सकाळी, सावलीत वाजवून बघा.

जुना माउथपीस फेकून नवा, अरुंद पोकळीचा लावला, म्हणूनही कित्येक चांगले सोप्रानो बेसूर ठरले आहेत. मोठ्या पोकळीचा लावल्याशिवाय निकाल देऊ नये.

पॅड वाळलेत, कॉर्क झडलाय, याची चिंता करू नका. तो दुरुस्तीचा खर्च. नळी मात्र नेम धरल्यासारखी डोळ्यासमोर धरून बघा. वाकली असेल तर चाव्या नीट बसत नाहीत आणि खर्चाला अंत राहत नाही. चढ्या सुराचा सोप्रानो शोभेला ठेवायचा, बँडसाठी त्याला पैसे मोजायचे नाहीत.

बँडमालकांना एकच विनंती: दिवाळीच्या साफसफाईत जुनी वाद्यं पॉलिशवाल्याकडे देऊ नका. पत्रा पातळ होतो, कोरीवकाम पुसतं आणि क्रमांक गेला की वाद्याचं वय ठरवणं अवघड होऊन बसतं.